घरघरणाऱ्या छोट्या पंख्याला कोणतं तेल घालायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानातल्या संगणकाच्या एसएमपीएसमधला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातला, ८० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा सकाळी सुरू केला की घरघरतो आणि दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. तुम्ही त्यावर डब्ल्यूडी-४०चा फवारा मारलात. दोन आठवडे बरं वाटलं, आता आवाज पूर्वीपेक्षा वाढलाय. शेजारचा टेलर शिलाई मशीनचं तेल घाला म्हणतो, गॅरेजवाला ग्रीस भरायला सांगतो आणि घरून खोबरेलाचा सल्ला आलाय. यातलं काय घालावं?

यातलं काहीच नको. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, बाकीची दोन्ही बाजूला ठेवा. ४६ किंवा ६८ नंबरचं टर्बाइन ऑइल घ्या. ते मिळालं नाही तर त्याच नंबरचं हायड्रॉलिक ऑइल, आणि तेही नसेल तर ५डब्ल्यू-३० जातीचं फुल सिंथेटिक इंजिन ऑइल. मोजून दोन-तीन थेंब. पण त्याआधी आत गेलेलं डब्ल्यूडी-४० धुऊन काढायला हवं, आणि त्याच्याही आधी पंखा बुशचा आहे की बॉल बेअरिंगचा हे बघायला हवं. बॉल बेअरिंगचा निघाला तर वरची सगळी नावं विसरा.

आता कारणं सांगतो, कारण ती कळली की हाताशी असलेल्या कुठल्याही बाटलीबद्दल तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

या पंख्याचा गाभा म्हणजे पितळी-तांबूस रंगाचं, करंगळीच्या नखापेक्षा लहान एक नळकांडं. तोच बुश. दिसायला भरीव धातू वाटतो, पण तो ओतून किंवा कातून केलेला नसतो. कांस्याची बारीक पूड साच्यात दाबून, वितळू न देता भाजून तो बनवतात. त्यामुळे धातूच्या कणांमध्ये अतिसूक्ष्म भोकं राहतात. बुशच्या एकूण आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा ही पोकळी असते आणि कारखान्यात तिच्यात तेल मुरवलेलं असतं. पंखा फिरायला लागला की बुश तापतो, तेल बाहेर येतं आणि शाफ्टभोवती, म्हणजे पात्याच्या दांड्याभोवती, काही मायक्रॉन जाडीचा थर धरतं. शाफ्ट या थरावर तरंगत फिरतो, त्याचा धातू बुशच्या धातूला टेकत नाही. पंखा थांबून गार झाला की भोकं ते तेल पुन्हा आत ओढून घेतात. ही ये-जा सुरळीत असेपर्यंत पंखा वर्षानुवर्षं बिनतक्रार फिरतो.

तुमचा पंखा सकाळी ओरडतो आणि मग गप्प होतो त्याचा उलगडा इथेच आहे. बुशमध्ये तेल उरलंय, पण थोडं आणि घट्ट झालेलं. रात्रभर ते भोकांत दडून बसतं. सकाळी शाफ्ट जवळजवळ कोरडाच फिरायला लागतो आणि घरघरतो. बुश तापला की उरलंसुरलं तेल पातळ होऊन बाहेर येतं आणि आवाज थांबतो. म्हणजे बुश अजून झिजून गेलेला नाही, उपाशी आहे. कायम ओरडणाऱ्या पंख्यापेक्षा हा रोगी बरा. अर्थात हे निदान डब्ल्यूडी-४० मारण्याआधीचं. आता आतली स्थिती काय आहे ते उघडल्यावरच कळेल.

डब्ल्यूडी-४० ही वाईट वस्तू नाही, फक्त ती या कामाची नाही. नावातच पाणी हटवणं आहे, ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं ते धातूवरचा ओलावा हटवून गंज रोखण्यासाठी. त्यात मोठा हिस्सा उडून जाणाऱ्या द्रावकाचा आणि थोडा हलक्या तेलाचा. पंख्यात फवारलं की द्रावक बुशमधलं चिकट तेल सैल करतो, शाफ्ट मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण सैल झालेलं ते तेल शाफ्टवरून पाझरून निघून जातं. मग द्रावक उडतो आणि मागे पातळ तेलाचा पुसटसा थर उरतो. तो दोन आठवडे टिकला, यातच सगळं आलं. गंजलेला बोल्ट सोडवायला, स्टिकरचा गोंद काढायला ते जरूर वापरा.

तेल निवडताना तीन गोष्टी बघायच्या: ते किती घट्ट आहे, उष्णतेत उडून जातं का, आणि हवेत राहून चिकट होतं का. बहुतेक लोक पहिलीच बघतात आणि तीही उलटी बघतात. छोटा पंखा म्हणून पाण्यासारखं पातळ तेल शोधतात.

घट्टपणासाठी औद्योगिक तेलांवर जो आकडा असतो तो आयएसओ व्हीजी नंबर. ४० अंश सेल्सियसला तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोक्समध्ये किती, ते तो सांगतो. ६८ नंबर म्हणजे ४० अंशांना साधारण ६८, दहा टक्के इकडे-तिकडे. पाणी याच मापात १ च्या आसपास येतं. पण बंद डब्यातल्या पंख्याचा बुश ४० अंशांवर थांबत नाही. एसएमपीएसमधून बाहेर पडणारी गरम हवा याच पंख्यावरून जाते आणि उन्हाळ्यात बुश सहज ६० अंशांपर्यंत पोहोचतो. तिथे ६८ नंबरचं तेल ३० च्या आसपास उतरतं आणि १० नंबरचं सहाच्या घरात. ३ मिमीचा शाफ्ट मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग बुशवरून मिनिटाला जेमतेम २३-२४ मीटर सरकतो. हा वेग फार नाही. कमी वेगात तेलाचा थर टिकवायचा तर तेलालाच थोडं अंग हवं. अगदी पातळ तेल बाजूने निसटतं, धातूला धातू लागतो आणि बुश झिजतो.

मग घट्टच घालूया, म्हणून ग्रीस? तिथेही अडचण आहे. या मोटरचा सुरुवातीचा जोर फार थोडा असतो. शिवाय आजकालच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये पंखा तापमानाप्रमाणे वेग बदलतो आणि सुरुवातीला त्याला १२ व्होल्ट मिळतच नाहीत, पाच-सहाच मिळतात. थंडीतल्या सकाळी बुशमध्ये ग्रीस असेल तर पंखा हलायलाच तयार होत नाही. एक झटका देतो, थांबतो, परत झटका देतो. तो आवाज करत नाही म्हणून कुणाचं लक्षही जात नाही आणि दुपारपर्यंत एसएमपीएस तापून बंद पडतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शिवाय ग्रीसला घट्टपणा देणारा साबण बुशच्या भोकांच्या तोंडावर बसतो आणि तेलाची ये-जा बंद करतो. तुमच्या गॅरेजवाल्याचं चुकलेलं नाही, तो मोटरसायकलच्या चाकाचा विचार करतोय. तिथे बॉल बेअरिंग असतं आणि ग्रीसच हवं.

३२ ते ६८ या पट्ट्यात म्हणूनच माझा जीव रमतो. महाबळेश्वरला किंवा नाशिककडे कडाक्याच्या थंडीत चालणारा पंखा, ४० मिमीचा इवला पंखा, किंवा कमी व्होल्टवर सुरू होणारा पंखा असेल तर ३२ किंवा ४६. विदर्भातल्या उन्हाळ्यात, बंद कपाटातल्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये), इन्व्हर्टरमध्ये किंवा एसएमपीएसमध्ये असेल तर ६८. तुमच्या ८० मिमीच्या पंख्याला ६८ चालेल. त्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलत असेल तर ४६ घ्या.

टर्बाइन ऑइल पहिलं का, तर वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये एकदा भरलेलं तेल वर्षानुवर्षं गरम राहून फिरत असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनने काळं-चिकट होऊ नये हीच त्याची मुख्य परीक्षा. आपल्या बुशलाही नेमकं तेच हवं. अडचण एवढीच की ते २० लिटरच्या बादलीत नाहीतर २१० लिटरच्या बॅरलमध्ये येतं आणि तुम्हाला हवेत तीन थेंब. साखर कारखान्यात, एमआयडीसीत, हायड्रॉलिक प्रेस किंवा जेसीबी दुरुस्त करणाऱ्याकडे कुणी ओळखीचं असेल तर औषधाच्या रिकाम्या, कोरड्या बाटलीत थोडं मागून घ्या. फक्त न वापरलेलं, डब्यातलं मागा. मशीनमधून काढलेलं नको. हायड्रॉलिक ऑइलही याच घराण्यातलं आहे, त्यात झीजरोधक रसायनं जास्त असतात एवढंच. आपल्या कामाला दोन्ही सारखी.

इंजिन ऑइल सगळ्यांत सोपं, कारण ते गल्लोगल्ली मिळतं. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक तेल ४० अंशांना ५५ ते ७० च्या दरम्यान असतं, म्हणजे आपल्या ६८ नंबरचा सख्खा भाऊ. ०डब्ल्यू-२० हे ४६ च्या जवळ जातं. सिंथेटिकचा फायदा असा की ते कमी उडतं आणि थंडीत फार घट्ट होत नाही, गरमीत फार पातळ होत नाही. स्कूटरचं १०डब्ल्यू-३० असेल तर तेही चालेल. बुलेटचं किंवा जुन्या गाड्यांचं २०डब्ल्यू-५० मात्र या पंख्याला जड पडतं. विकत घ्यायचीही गरज नाही. सर्व्हिसिंग झाल्यावर गॅरेजमध्ये जे डबे रिकामे म्हणून फेकतात ते उलटे करून ठेवले तर तळाशी चिकटलेलं तेल निथळून एका पंख्याला वर्षानुवर्षं पुरेल एवढं मिळतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मात्र नको. त्यात काजळी, धातूचा चुरा आणि आम्ल असतं.

टेलरचं शिलाई मशीनचं तेल स्वच्छ असतं, डाग पाडत नाही, सहज शिरतं. पण ते साधारण १० ते २२ नंबरच्या पट्ट्यातलं असतं आणि शिलाई मशीनला ते योग्य अशासाठी की तिथे टेलर दर दोन-चार दिवसांनी परत दोन थेंब सोडतो. तुम्ही एसएमपीएस दर आठवड्याला उघडणार आहात का? थंड जागेतल्या, दिवसातून तासभर चालणाऱ्या पंख्याला ते बरे दिवस दाखवेल. गरम डब्यात ते काही महिन्यांत उडून जाईल आणि तुमची घरघर परत येईल. कापड गिरण्यांत चालणारं स्पिंडल ऑइलही याच वर्गातलं, पातळ. आमच्या इचलकरंजीत ते सहज मिळतं, म्हणून इथले लोक सर्रास पंख्यात घालतात आणि सहा महिन्यांनी तोच पंखा घेऊन परत येतात.

खोबरेलाचं काय सांगू! २४ अंशांच्या आसपास ते गोठतं. थंडीत तुमच्या न्हाणीघरातल्या बाटलीचं जे होतं तेच बुशमध्ये होणार. शिवाय खाद्यतेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन खवट होतात, आम्ल तयार होतं, आणि करडई, जवस यांसारखी तेलं तर सुकून वार्निशसारखा थर धरतात. कढईच्या बाहेरच्या बाजूला जे पिवळसर चिकट बसतं, घासूनही निघत नाही, ते म्हणजे हेच. तो थर बुशमध्ये बसला की पुढे कितीही चांगलं तेल घाला, भोकं बंद.

बाकीची भराभर. गिअर ऑइल, विशेषतः ईपी ९० लिहिलेलं, अजिबात नको. एक तर फार घट्ट आणि दुसरं म्हणजे त्यातलं गंधकयुक्त रसायन गरम झाल्यावर तांबे-कांस्याला खातं. बुश कांस्याचाच आहे. टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं, जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं, अनेकदा त्यात द्रावकही असतो. सिलिकॉन स्प्रे रबर आणि प्लॅस्टिकला उत्तम, धातूवर धातू घासतो तिथे लंगडा. वरून तो आजूबाजूला पसरतो आणि त्याच्यावर नंतर दुसरं तेलही धड बसत नाही. ग्राफाइट पूड कुलपाला ठेवा. व्हॅसलीन ६० अंशांच्या आतच वितळून वाहतं.

पंखा बुशचा की बेअरिंगचा हे ओळखायला आधी लेबल बघा. कधीकधी ‘स्लीव्ह’ (म्हणजे बुश) किंवा ‘बॉल’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अनेक कंपन्या मॉडेल नंबरात एस किंवा बी अक्षर घालतात, पण प्रत्येकीची रीत वेगळी, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. वीज बंद करून पातं हाताने हलवा. बुशचा पंखा मऊ थांबतो, फक्त चुंबकाचे हलके ठेके लागतात. खराब बॉल बेअरिंगमध्ये बोटाला वाळूचे कण जाणवतात आणि चालू असताना घरघरीऐवजी खरखर किंवा बारीक शीळ येते. खात्री स्टिकर काढल्यावर होते. आत तांबूस कडं दिसलं तर बुश, चकचकीत स्टीलचं कडं आणि त्यावर पत्र्याचं झाकण दिसलं तर बेअरिंग.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट सुरक्षेची. एसएमपीएसच्या आत मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब साठलेला असतो, २३० व्होल्ट एसीचे डीसी झाल्यावर साधारण ३२५ होतात. प्लग काढला तरी तो लगेच जात नाही. प्लग काढून निदान अर्धा तास थांबा, आणि थांबल्यावरही बोर्डाला, सोल्डरिंगच्या बाजूला हात लावू नका. या डब्यांची सवय नसेल तर फक्त पंखा काढून द्यायला जवळच्या मेकॅनिकला सांगा, पुढचं तेलाचं काम टेबलावर तुम्ही निवांत करा. केबिनेटचा किंवा प्रोसेसरवरचा पंखा असेल तर ही भीती नाही.

पंखा हातात आला की तारा येतात त्या बाजूचं स्टिकर हेअर ड्रायरने किंचित गरम करा आणि एका कडेने हळू सोलून काचेवर चिकटवून ठेवा. खाली काही पंख्यांत रबराचं बूच असतं. ते काढलं की शाफ्टचं टोक दिसतं. त्या टोकाभोवती खाचेत एक पांढरं, चिरलेलं प्लॅस्टिकचं वॉशर बसलेलं असतं. आम्ही त्याला लॉक म्हणतो. ते दोन सुयांनी चिरेपाशी फाकवून वर उचलायचं. इथेच सगळ्यांचा घात होतो, कारण ते टुणकन उडतं आणि परत सापडत नाही. म्हणून पंखा आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून हे करा. लॉक हरवलं तर पंखा गेला, कारण पातं अडवणारं दुसरं काहीच नसतं. लॉकखाली कधी कधी काळी बारीक रबरी रिंग असते, ती कोणत्या बाजूने निघाली ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता पातं ओढा. चुंबक धरून ठेवतो, म्हणून थोडा जोर लागेल.

शाफ्ट उजेडात धरा. चकचकीत असेल तर उत्तम. चहाच्या रंगाचा चिकट थर असेल तर ते जुनं तेल, पुसून निघेल. नखाला जाणवणारा ओरखडा किंवा खाच असेल तर बुश खलास, तिथे तेलाने फार तर महिना-दोन महिने मिळतील. शाफ्ट बुशमध्ये घालून पातं डावी-उजवीकडे डुलवून बघा. स्पष्ट खुळखुळ जाणवली तरी तेच.

धुण्यासाठी व्हाइट पेट्रोल किंवा लायटरमध्ये भरायचं इंधन चांगलं, तेल पटकन विरघळवतं. पण ते खिडकीपाशी, शेगडी-उदबत्तीपासून दूर, आणि अगदी थोडं. आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त सुरक्षित, पण तेल सावकाश काढतं, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागतं. रंगाचा थिनर नको, काही प्लॅस्टिक त्याने विरघळतात. कापसाची बारीक वात करून द्रावकात भिजवा, बुशमधून आरपार फिरवा, काळी निघाली की बदला. स्वच्छ वात स्वच्छच बाहेर आली की थांबा. तुमच्या बाबतीत डब्ल्यूडी-४० गेलेलं असल्याने हा टप्पा उरकू नका. पूर्ण वाळायला तासभर ठेवा.

आता बुशची भोकंही कोरडी झाली आहेत. नुसते थेंब सोडून पातं बसवलं तर तेल वरच्यावर राहील. हेअर ड्रायरने बुशवर दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या, हाताला चांगलं गरम लागेल इतपत. मग तेलाचा एक थेंब बुशच्या आतल्या भिंतीवर सोडा आणि गार होऊ द्या. आतली तापलेली हवा आक्रसते आणि तेल भोकांत ओढलं जातं. थेंब आत गेलेला दिसतो, कड कोरडी पडते. परत गरम, परत थेंब. तेल वरच थांबायला लागलं की बुशचं पोट भरलं. या कामाला सुई लावलेली २ मिलीची सिरिंज बरी. इन्सुलिनची सुई इतकी बारीक असते की ६८ नंबरचं तेल तिच्यातून ढकलता ढकलता अंगठा दुखतो. काम झालं की सुईला टोपण लावून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

शाफ्टला तेलाचं बोट लावा, पातं बसवा, रिंग आणि लॉक जसं होतं तसं परत. काळी रिंग काढून टाकायचा मोह होतो, कारण ती बसवायला किचकट असते. टाकू नका. ती नसेल तर फिरताना तेल शाफ्टवरून चढून बाहेर फेकलं जातं. त्यानंतर लॉकवर अर्धा थेंब, बस्स. जास्त तेलाने काही जास्त टिकत नाही. ते बाहेर येतं, पात्यांवर पसरतं आणि त्याला धूळ चिकटून पातं एका अंगाला जड होतं. मग आवाज तेलाचा नव्हे, तोल गेल्याचा येतो आणि लोक परत तेलच घालतात. रोग रेड्याला, औषध पखालीला.

स्टिकरची जागा अल्कोहोलने पुसून कोरडी केल्याशिवाय स्टिकर लावू नका, तेलावर गोंद धरत नाही. जुनं स्टिकर चिकटत नसेल तर पिवळट कॅप्टॉन टेप किंवा ॲल्युमिनियम टेप लावा. साधी सेलोटेप उष्णतेत सुटते. काही जण पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून स्टिकरला मध्ये भोक पाडून ठेवतात. तिथून तेल बाहेर आणि धूळ आत, दोन्ही सुरू होतं.

बॉल बेअरिंगचा पंखा निघाला तर पातळ तेल घालून आतलं ग्रीस धुऊन काढू नका. त्यात दोन छोटी बेअरिंग असतात, बऱ्याच पंख्यांत ३ मिमी भोक, ८ मिमी व्यास आणि ४ मिमी जाडी अशी, ज्याला ६९३ नंबर म्हणतात. त्यांचं ग्रीस सुकलं असेल तर झाकणाच्या फटीतून सिंथेटिक तेलाचा एक थेंब काही आठवडे आवाज दाबतो. पक्का इलाज म्हणजे बेअरिंग बदलणं. ६९३ झेडझेड (दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं) बेअरिंग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर मिळू शकतं. पण जोडी घेऊन, प्रेस करून बसवण्यापेक्षा ८० मिमीचा नवा पंखा बहुधा स्वस्त पडतो. जुन्या यंत्राचा विचित्र मापाचा पंखा असेल तरच हा खटाटोप.

लॅपटॉपचे पंखे वेगळे. त्यांत बऱ्याचदा शाफ्ट बारीक आणि रचना बंद असते. पातं ओढून काढता येतं, पण तेल घालायला जागा अर्ध्या थेंबाची. तिथे ३२ किंवा ४६ नंबरचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं.

तेलाला हात लावण्याआधी एक साधी खात्री मात्र करा. पात्यांना एखादी वायर तर लागत नाही? टिकटिक असा ठेका येत असेल तर नव्वद टक्के तेच. जाळीचा स्क्रू ढिला आहे का? पंखा चालू असताना कडेला बोट टेकवल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर दोष बसवण्यात आहे. आणि धूळ. आमच्याकडे यंत्रमागांमुळे सुताची तूस हवेत असते. ती पात्यांच्या मागच्या पोकळीत शाफ्टभोवती गुंडाळली जाते आणि वातीसारखं तेल शोषून घेते. पिठाच्या गिरणीजवळच्या किंवा अगरबत्तीच्या दुकानातल्या पंख्याचीही तीच गत. ब्लोअरने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ते ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतं, बुश कोरडा घासला जातो आणि मोटर जनित्रासारखी उलटी वीज बोर्डात पाठवते.

पंखा बसवण्याची दिशाही पाहा. बुशचा पंखा उभा, म्हणजे शाफ्ट आडवा असताना सर्वांत जास्त टिकतो. तो झोपवून तोंड खाली केलं की तेल खाली उतरतं आणि पात्याचं वजन लॉकवर येतं. अशा जागी पुढच्या वेळी बॉल बेअरिंगचाच घ्या.

शाफ्टला खाच निघाली, किंवा तेल घालूनही महिन्याभरात घरघर परत आली, तर पंखाच बदला. घेताना चार गोष्टी जुळवा: माप, जाडी (२५ मिमी की १५), व्होल्ट, आणि लेबलवरचा ॲम्पियर. ॲम्पियर जुन्याच्या जवळपास असू द्या. फार कमी घेतला तर हवा कमी पडते, फार जास्त घेतला तर एसएमपीएसमधला वेग सांभाळणारा ट्रान्झिस्टर तापतो. प्लग दोन पिनांचा असेल आणि नव्याला तीन असतील तर तिसरी, बहुधा पिवळी, वायर वेगाची माहिती देणारी असते. ती तशीच टेप लावून सोडली तरी पंखा चालतो. लाल आणि काळी उलटी लावू नका, आणि बसवण्याआधी चौकटीवरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्या पंख्याशी ताडून बघा.